सही करण्याआधी सातबारा वाचा

बाराव्या-तेराव्याचं जेवण उरकलेलं असतं. लेकी सासरी परतायच्या घाईत असतात. अशा वेळी भाऊ हळूच म्हणतो, ‘ताई, जाता जाता महाडला रजिस्टर ऑफिसात एक सही करून जा गं.’ कसला कागद, हे ताई विचारत नाही. विचारलं तर दिसायला वाईट! तो कागद बहुतेक वेळा हक्कसोडपत्राचा असतो. महाड-पोलादपूरकडे किती घरांत हे असंच उरकलं जातं, आपल्याला काय ठाऊक नाही?

पूर्वी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. डोंगरउताराची वरकस जमीन, चार गुंठे भातखाचर, त्याची वाटणी ती काय करायची? पण आता दिवस बदललेत. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला, कशेडीत बोगदा झाला, महाडला एमआयडीसी आहेच. वरकसालाही गिऱ्हाईक येतं. महामार्गाला जमीन गेली तेव्हा मोबदला मिळाला तो कागदावर नाव होतं त्यांना. ज्या बायकांनी घरातले पुरुष मुंबईला असताना गुडघाभर चिखलात लावणी केली, त्यांचं नाव कुठं होतं?

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, मैत्रिणींनो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीने हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही अटही गेली. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत, असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली वाटणी झाली असेल, तर ती मोडता येत नाही. वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचं मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांसाठी आहे. मुस्लिम भगिनींचे वारसाचे नियम वेगळे आहेत, पण वाटा त्यांनाही आहे.

मग अडतं कुठे? महाडकरणींना हे वेगळं सांगायला नको. १९२३ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं होतं, पण पाणी कुणाला भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. याच बाबासाहेबांनी पुढे कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्कासाठी हट्ट धरला आणि ते बिल अडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. आपण मात्र तो हक्क रजिस्टर ऑफिसात एका सहीत सोडून येतो!

‘पण लग्नात खर्च केलाच ना? आईवडिलांना सांभाळलं कुणी?’ असं भाऊ विचारतात. प्रश्न अगदीच खोटा नाही. जो गावात राहिला, ज्याने म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं काढलं, त्याला थोडं जास्त मिळावं, असं मलाही वाटतं. पण ते बहिणीने समजून-उमजून द्यावं. न सांगता घेतलेलं ते देणं कसलं? नाव राहू दे, कसणं भावाकडे राहू दे, विकायची वेळ आली तर सगळ्यांना विचारून विका. एवढ्यानं माहेर तुटत नाही. तुटत असेल, तर ते नुसत्या सहीवर टिकलं होतं म्हणायचं.

आणखी एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर साधारणपणे आधी शेतकरी असावं लागतं, आणि पुरावा म्हणून सातबारा मागतात. माहेरचं नाव काढलं आणि सासरच्या उताऱ्यावर लागलेलंच नाही, तर जन्मभर शेतात राबलेली बाई कागदोपत्री शेतकरीच नाही!

म्हणून थोडं करा. माहेरचा सातबारा काढून वाचा. वारसनोंद झाली का, आपलं नाव भोगवटादारांत आहे की नुसतं ‘इतर हक्कां’त, ते बघा. फेरफाराची नोटीस आली तर ती कपाटात ठेवून देऊ नका. हरकत घ्यायची मुदत थोडी असते. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर फिरवणं फार अवघड, कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून दुःखाच्या दिवसांत कुठेच सही करू नका. ‘वर्षश्राद्धापर्यंत थांबू या’ एवढं म्हणायला कायदा शिकावा लागत नाही.

आणि राहत्या घराचंही बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवऱ्याबरोबर तुमचं नाव आहे का? २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही कोसळली, महाड शहर पुरात बुडालं. अशा वेळी पंचनाम्यात पहिला प्रश्न असतो, घर कुणाच्या नावावर?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आता आईचं नाव लागतं. छानच झालं. पण त्या बाळाची आई जिथे राबते, त्या घरावर आणि शेतावरही तिचं नाव लागू दे. या भाऊबीजेला ओवाळणीबरोबर भावाकडे एक सातबारा मागा. उतारा मागितला म्हणून प्रेम कमी होत नाही.