आभाळ सर्वांचे, पंचनामा कोणाचा?

पाऊस जात पाहून पडत नाही, असे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हालाही ते मान्य आहे. पण पाऊस पडून गेल्यावर होणारा पंचनामा सातबारा पाहून होतो. आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे विचारले की जात आपोआप समोर येते.

मराठवाड्याच्या आभाळाचा आता भरवसा राहिलेला नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभी रब्बी झोपवली. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच दुष्काळी मुलुखात सोयाबीन, कापूस पुराखाली गेला, जमिनी खरडून गेल्या. शासनाने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले.

24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तर शासन त्याला अतिवृष्टी म्हणते. तो मोजण्याचे यंत्र महसूल मंडळात एक, आणि मंडळात गावे अनेक. एका शिवारात ढग फुटतो, यंत्राजवळ नुसता शिडकावा होतो. शेतकऱ्यांची ही तक्रार खरी आहे आणि आम्ही तिच्या बाजूने उभे आहोत. पण आमचा प्रश्न इथे संपत नाही, इथून सुरू होतो.

ज्याला शेतच नाही, त्याचे काय? 2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी होते सुमारे 11 कोटी 88 लाख आणि शेतमजूर 14 कोटी 43 लाख. जूनचा पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरणी लांबली की खुरपणीचे काम लांबते. सप्टेंबरात झड लागली की एकरी उक्त्यावर घेतलेली सोयाबीनची काढणी हातची जाते. कापूस भिजला की किलोवर वेचणी करणाऱ्या बाईचा रोज बुडतो. मालकाच्या नुकसानीला हेक्टरी दर आहे. मजुराच्या बुडालेल्या रोजाला पंचनाम्यात साधा रकानाही नाही. मग दिवाळी होते न होते तोच उचल घेऊन उसाच्या फडावर जाण्याखेरीज त्या घरापुढे काय उरते?

गायरान कसणाऱ्याची अवस्था याहून विचित्र. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने 1991 मध्ये काढला. तरीही कित्येक कुटुंबांच्या हाती आजवर सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून विमा नाही, भरपाई नाही. पीक वाहून गेले तरी कागदावर तिथे पीक नव्हतेच!

मजुराला आधार होता तो रोजगार हमीचा. 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने 1977 चा कायदा केला, पुढे 2005 मध्ये देशाने केला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा आणला. दिवस 100 चे 125 झाले, याचा गाजावाजा झाला. पण पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला एकूण 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे, ती कोणी मोठ्याने सांगितली नाही. हंगामात शेतावर काम असते, हे त्यामागचे गृहीत. आभाळाने ते गृहीतच मोडले तर? शेतावर पाणी आणि सरकारी कामाला कुलूप, अशा कात्रीत मजूर सापडणार.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1945 मध्ये कटकच्या परिषदेत पुराच्या पाण्याकडे संकट म्हणून न पाहता संपत्ती म्हणून पाहण्याचा विचार मांडला. निसर्गापुढे हात जोडून बसणे हा त्यांचा मार्ग नव्हता. नियोजन करणे ही शासनाची जबाबदारी आहे, हा होता.

म्हणून आमच्या मागण्या तीन. पंचनाम्यात बुडालेल्या मजुरीची नोंद व्हावी. गायरान कसणाऱ्याच्या पिकाची पाहणी कब्जा पाहून व्हावी. आणि अतिवृष्टी जाहीर झालेल्या मंडळात रोजगाराची बंदी त्याच दिवशी उठावी. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडावेत, कामाची मागणी लेखी द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. आभाळ आमच्या हातात नाही. पण पंचनाम्याचा कागद माणसाने केलेला आहे, तो माणसाला बदलता येतो.