खानवेलच्या चढावर फ्रेमची किंमत

सिल्वासा ते खानवेल हा रस्ता वीसेक किलोमीटरचा. पुढे दुधनीकडे चढउतार वाढतात आणि स्वस्त कार्बन फ्रेमच्या सायकलवर दम लागला, की महागड्या फ्रेमचा मोह होतो.

आकडे मात्र वेगळं सांगतात. नव्या फ्रेममुळे 300 ग्रॅम वाचले आणि स्वारासह सायकलचं वजन 80 किलो असलं, तर फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तासभराच्या खड्या चढावर जेमतेम 13 सेकंद! सपाटीवर तर खरी झुंज वाऱ्याशी असते आणि वाऱ्याला सर्वाधिक अडवतं ते स्वाराचं शरीर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघही शर्यतीची सायकल 6.8 किलोंपेक्षा हलकी चालवू देत नाही.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने 12 दिवसांच्या आत पूर्ण केली. इतका वेळ खोगिरावर काढायचा, तर फ्रेमच्या किमतीपेक्षा तिचं माप अंगाला बसणं महत्त्वाचं.

म्हणून पैसे आधी चांगल्या टायरांवर खर्चावेत. 28 मिलिमीटरचा टायर, हवा थोडी कमी, की खडबडीत डांबरावर हातांना बसणारे हादरे लगेच कमी होतात.

फ्रेम बदलायची ती माप चुकलं असेल किंवा तडा गेला असेल तर. पडल्यानंतर नळीवर नाणं वाजवून पाहावं. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर जाणकाराने तपासेपर्यंत ती सायकल उतारावर नेऊच नये.