चिंचोके मोजणं हाही अभ्यासच, पण अंगणवाडी सेविकेला वेळ कुठंय?

सकाळी गावात पिवळी व्हॅन येते आणि तीन-चार वर्षांची पोरं टाय लावून तालुक्याच्या इंग्लिश स्कूलला निघतात. 'अंगणवाडीत नुसतं खेळवतात', ही पालकांची तक्रार. तक्रार खोटी नाही, पण अर्धवट आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हे वय एकच टप्पा धरलंय. अंगणवाडीची तीन वर्षं, मग पहिली आणि दुसरी. 2022 मध्ये आलेला राष्ट्रीय आराखडा सांगतो, या वयात खेळ, गोष्ट, गाणी यांतून सगळं एकत्र शिकवा. म्हणजे कसं? वर्गात आठवडी बाजार भरवा. चिंचोक्यांचे पैसे केले की मोजणी आली, वांगं-टोमॅटो निवडताना रंग आणि आकार आले, भाव करताना तोंड उघडलं. शेंगा सोलून बोटांत जी ताकद येते, तीच पुढं पेन्सिल धरायला लागते. चार वर्षांच्या पोराकडून एबीसीडी गिरवून घेण्यापेक्षा हे जास्त अवघड काम आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

यात दिल्लीचं नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन हेच केलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

आज घोडं अडतंय ते वेळेवर. एकाच खोलीत तीन ते सहा वयाची सगळी मुलं. त्यात वजन-उंची, गृहभेटी, गरोदर मातांच्या नोंदी, पोषण ट्रॅकर. आता घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहराही मोबाइलवर जुळवायचा, आणि रेंज नसली की सकाळ गेलीच. 2023 मध्ये केंद्रानं 'पोषण भी, पढाई भी' म्हणत सेविकांना प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. प्रशिक्षण दिलं, पण कामातलं काय कमी केलं? सरकार सेविकेला आजही पगार देत नाही, मानधन देतं, आणि शिक्षणाचा पाया तिच्याकडूनच घालून घ्यायचाय!

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतो. त्यातून अंगणवाडीला चटया, ठोकळे, चित्रांची पुस्तकं किती आली, हा हिशेब पुढच्या ग्रामसभेत कुणीही मागू शकतं.