कासच्या सड्यावरील फुलें

गेल्या भाद्रपदांत आमचें सारें बिऱ्हाड साताऱ्याजवळील कासचा सडा पाहून आलें. परततांना वहिनींनीं 'सीतेच्या आसवां'चीं दोनतीन रोपें मातीसकट रुमालांत बांधून घेतलीं. (रोपें उपटूं नयेत, असा फलक मीं वाचला होता; पण वडील माणसास टोकण्याचें धैर्य झालें नाहीं.) घरीं काळी माती व मुरलेलें शेणखत घालून कुंडी सजली. आठ दिवसांत रोपें काळीं पडलीं. "पाणी कमी पडलें," असें घरांतील सर्वांचें निदान.

मला तें पटत नाहीं. कासचा सडा म्हणजे सुमारें १२०० मीटर उंचीवरील जांभ्या दगडाचें पठार. मूळच्या काळ्या खडकांतील चुना, पोटॅश इत्यादि पोषक द्रव्यें युगानुयुगांच्या पावसानें धुऊन नेलीं. उरलें तें मुख्यतः लोखंड व ॲल्युमिनियम. वर माती बोटभर, कोठें तीहि नाहीं. श्रावणांत पाणी तुंबतें, चैत्रांत तोच दगड तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणीं मोठ्या झाडांचें फावत नाहीं, म्हणूनच या वीतभर जिवांस ऊन मिळतें. नायट्रोजनची उणीव सीतेचीं आसवें शिकार करून भरून काढतात! ओल्या मातींतील त्यांच्या तंतूंवर अगदीं बारीक पिशव्या असतात. आंतलें पाणी उपसून पिशवी चेपलेली ठेवावयाची; दाराजवळच्या केसांस एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला कीं, दार उघडून तो पाण्यासह आंत ओढला जातो. पापणी लवण्यासहि याहून अधिक वेळ लागतो. शेजारचा दवबिंदु हेंच काम पानांवरील चिकट रसानें करितो. जन्मभर पेजेवर राहिलेल्यास एकाएकीं श्रीखंडपुरी वाढावी, तसें आमचें शेणखत झालें असावें.

अशा सड्यांना सर्रास 'पडीक' म्हणतात, आणि त्या एका शब्दाखालीं कोणी तेथें चिऱ्यांच्या खाणी काढतो, तर कोणी सद्धेतूनें झाडें लावावयास निघतो. माझ्या मतें दुसरा प्रकारहि कमी घातक नव्हे. सांवली आणि पाचोळ्याचें खत आलें कीं दांडगें गवत माजतें. वायतुरा ही सड्यावरील डबक्यांत वाढणारी वनस्पति. शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन केलें तें १९८२ सालीं. सह्याद्रीबाहेर ती जगांत कोठेंहि नाहीं. पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह कासला २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. जवळच्याच चाळकेवाडीच्या सड्यावर मात्र पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्यांच्यासाठीं रस्ते झाले आहेत.

यंदा पुन्हां कासला जाण्याचें घाटत आहे. रुमाल घरींच ठेवावा, ही अट मीं नव्हे, धाकट्या पुतणीनें घातली. आणि वहिनींनीं ती निमूटपणें मान्य केली!