या वयात कशाला?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी.

आमच्या आसनगावात पहाटे पळणारी चाळिशी-पन्नाशीची माणसं आता दिसू लागली आहेत. माझी एक भाची त्यांतलीच. वय ४७. दहा किलोमीटरला तिला १ तास १२ मिनिटं लागतात, आणि दिवाळीपर्यंत ती १ तास ८ वर आणायची आहेत. घरच्या कार्यात तिने हे सांगितलं मात्र, उपदेशांचा पाऊस पडला. "पळ गं, पण घड्याळ कशाला? आनंदासाठी पळावं. या वयात कसली स्पर्धा?"

या प्रेमळ वाक्याला माझा सक्त विरोध आहे.

एक तर ही स्पर्धा नव्हेच. उभा जन्म पेपर तपासण्यात गेला, म्हणून सांगते. वर्गात पहिला नंबर एकाचाच येतो. पण मागच्या चाचणीपेक्षा चार गुण जास्त मिळवणारी मुलं चाळीससुद्धा असू शकतात. त्यात कुणी कुणाचं हिसकावून घेत नाही. पर्सनल बेस्ट म्हणतात ते हेच.

दुसरं घड्याळाचं. जिथे अर्धं गाव कसारा लोकलच्या मिनिटावर जगतं, तिथे घड्याळ वाईट कधीपासून झालं? डबा, लोकल, मुलांचे क्लास, सासऱ्यांची औषधं, यांसाठी तिने मिनिटं मोजलेली चालतात. स्वतःसाठी चार मिनिटं मोजली की मात्र "कशाला"! याच वयात नवा धंदा काढणाऱ्या पुरुषाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याची जिद्द आणि हिचं खूळ?

शरीर उतरणीला लागतं, मान्य. पण उशिरा सुरुवात करणाऱ्याची उत्तम वेळ मागे गेलेली नसते, ती पुढे असते. २०२५ मध्ये निवर्तलेले फौजा सिंग आठवा. २००० साली त्यांनी लंडन मॅरेथॉन ६ तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. पासपोर्टवरच्या जन्मतारखेप्रमाणे तेव्हा वय ८९. २००३ मध्ये टोरांटोला त्यांना लागले ५ तास ४० मिनिटं, वय ९२! ज्येष्ठांच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये तर पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. म्हणजे पन्नाशीला कोरी वही मिळते.

काळजी करूच नका असं मी म्हणत नाही. डॉक्टरांकडून तपासून घे, छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांब, वेग हळूहळू वाढव, हे जरूर सांगा. पण "जपून पळ" आणि "कशाला पळतेस" ही दोन वाक्यं एक नव्हेत. पहिल्यात माया आहे. दुसऱ्यात, आता तुझं वाढण्याचं वय सरलं, असा निकाल आहे.

मला राग आहे तो या निकालाचा. चाळिशी उलटली की आपण बाईला सांगतो, आता फक्त जपायचं, नवं काही मिळवायचं नाही. आनंदासाठी पळावं हे खरंच. पण काल जमलं नाही ते आज जमलं, याहून मोठा आनंद मी तरी वर्गात पाहिलेला नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ती भेटली तर "कशाला" विचारू नका. "किती मिनिटं कमी झाली?" असं विचारा.