शेअरचा भाव आणि चालती सरासरी

मैत्रिणींनो, ‘यजमानांनी घेतलेल्या शेअरचा भाव आज चढतो, उद्या पडतो. ठेवावा की विकावा? मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्यात आहेत. जीव नुसता टांगणीला लागतो,’ असं एका भगिनीनं पत्रातून विचारलं आहे. पुष्कळजणींच्या मनातला हा प्रश्न, म्हणून आज त्याविषयीच बोलू या.

वाण्याचं बिल दर महिन्याला थोडं कमीजास्त येतंच. गणपतीत, दिवाळीत ते फुगतं. म्हणून काही आपण एका महिन्यावरून खर्च वाढला असं म्हणत नाही. चार-सहा महिन्यांचा मेळ घालतो. शेअरचंही तसंच आहे. रोजच्या चढउतारातून भावाचा खरा कल कळावा म्हणून ‘चालती सरासरी’ काढतात.

कृती सोपी आहे. पाच दिवसांचे बाजार बंद होतानाचे भाव वहीत लिहा. समजा, ते १००, १०४, ९९, १०५ आणि १०७ आहेत. बेरीज ५१५, सरासरी १०३. सहाव्या दिवशी भाव ११० झाला, तर सर्वांत जुना १०० खोडायचा आणि ११० मिळवायचे. बेरीज ५२५, सरासरी १०५. सातव्या दिवशी भाव एकदम ९८ वर आला. आता १०४ खोडा. बेरीज ५१९, सरासरी १०३.८०. पाहिलंत ना? भाव १२ रुपयांनी पडला, पण सरासरी फक्त एक रुपया वीस पैशांनी!

बाजारात ५० आणि २०० दिवसांच्या सरासऱ्या जास्त पाहतात. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आणि सरासरीही चढती, तर कल चढता समजतात. दोन्ही उलट असेल तर उतरता. ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीला ओलांडून वर गेली, की जाणकार ती चांगली खूण मानतात.

पण बरं का, सरासरी मागचं सांगते, पुढचं नाही. ती नेहमी उशिरा वळते. २०२० सालचंच पाहा. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांवर जाऊन आला होता. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात तो २०० दिवसांच्या सरासरीखाली होता आणि २३ मार्चला एका दिवसात ३,९०० हून जास्त अंशांनी कोसळून २६ हजारांच्याही खाली बंद झाला. खूण आधी मिळाली होती, हे खरं. पण परतीची खूण मिळेपर्यंत बाजार तळापासून पुष्कळ वर आला होता. नोव्हेंबरात तर तो पुन्हा ४२ हजारांपलीकडे गेला. घाबरून तळाला विकणाऱ्यांचं मात्र नुकसान झालं ते झालंच.

काही गोष्टी लक्षात ठेवा:

• भाव महिनोन्‌महिने एकाच पट्ट्यात घुटमळत असेल, तर सरासरी वरचेवर खोट्या खुणा देते. प्रत्येक खुणेला खरेदी-विक्री केली, तर दलाली आणि करातच पैसे जातात.

• कंपनीनं बोनस दिला किंवा शेअरचे तुकडे केले, की भाव कागदोपत्री खाली येतो. ती पडझड नव्हे. जुने भाव त्याच प्रमाणात कमी करून मगच सरासरी काढा.

• सरासरी कंपनीचा नफा सांगत नाही की कर्ज सांगत नाही. त्यासाठी वार्षिक अहवालच वाचायला हवा.

• दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे, मग ते फीचे असोत की आजारपणाचे, शेअरमध्ये ठेवूच नयेत. भाव पडलेला असला, तरी फी भरायची तारीख काही थांबत नाही.

दुपारची दहा मिनिटं काढून घरातल्या एखाद्या शेअरची अशी वही महिनाभर ठेवून पाहा. मग ‘ठेवावा की विकावा’ हे यजमानांशी बोलताना तुमच्याही हातात आकडे असतील.