रेंज नाही, की नियत नाही?



रनिंग रूममध्ये, आरएमएसच्या सॉर्टिंग हॉलमध्ये, कॅन्टीनमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडते. "बीएसएनएलला रेंज नाही. सरकारी कंपनी ती, तिला काय जमणार?" हे बोलणारे कोणी भांडवलदार नसतात, आपलेच सभासद असतात. म्हणून आज आम्ही सरकारच्या आधी आपल्याच माणसांशी वाद घालणार आहोत. अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण ती का मिळत नाही हे ज्याने समजून घेतले नाही, तो उद्या रेल्वे आणि टपाल विकायला निघाले तरी हेच वाक्य बोलेल.

आधी तंत्राची गोष्ट. रेल्वेवाल्यांना ती चटकन समजेल. दोन स्टेशनांमधला ब्लॉक सेक्शन लांब असला, तर त्यात एका वेळी एकच गाडी सोडता येते. गाड्या वाढवायच्या असतील तर सेक्शनचे तुकडे करावे लागतात, मध्ये सिग्नल बसवावे लागतात. मुंबईची लोकल तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावते ती याच हिशेबावर. मोबाईलचेही तसेच आहे. टॉवरवरचे बेस स्टेशन आपल्या परिसरातल्या फोनांना लहरी वाटून देते. जुन्या जीएसएम पद्धतीत एका लहरीचे आठ हिस्से पडतात. त्यातला एक हिस्सा व्यवस्थेसाठी ठेवला, की उरतात सात. आठव्या ग्राहकाला ‘सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हेच ऐकावे लागते. यावर उपाय तीनच आहेत. त्याच टॉवरवर आणखी रेडिओ यंत्रे बसवा, परिसराचे तुकडे करून नवे टॉवर उभारा, किंवा जास्त लहरी द्या. ४जीमध्ये यंत्रे बदलली, हिशेब तोच राहिला. म्हणजे क्षमता वाढते ती यंत्रे, लहरी आणि ती सांभाळणारे हात यांनी. यातले काहीच न देता ‘क्षमता नाही’ म्हणणे म्हणजे इंजिन काढून घेऊन ड्रायव्हरला गाडी लेट का, असे विचारण्यासारखे आहे.

आता इतिहास पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. त्या वेळी परवाने खाजगी कंपन्यांना दिले गेले. टपालापासून १९८५ साली वेगळ्या झालेल्या दूरसंचार खात्याजवळ देशभर तारा होत्या, एक्स्चेंजेस होती, माणसे होती. तरीही त्याला बाहेर ठेवले गेले. बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली ऑक्टोबर २००२ मध्ये. शर्यतीत सात वर्षे उशिरा सोडलेल्या गड्याला हळू पळतो म्हणून हिणवायचे, असा हा न्याय!

तरीही लोक सरकारी सिमकार्डासाठी रांगा लावून उभे राहिले. मागणी वाढली, म्हणून साडेचार कोटींहून अधिक लाइन्सच्या यंत्रसामग्रीचे टेंडर निघाले. ते आधी कोर्टकचेरीत अडकले, आणि २००७ साली मंत्रालयाने ते निम्म्यावर आणले. पूर्ण ऑर्डर द्या, या मागणीसाठी त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलचे कर्मचारी आणि अधिकारी संपावर गेले. हा संप पगारवाढीसाठी नव्हता, बोनससाठी नव्हता. आम्हाला काम करायला यंत्रे द्या, यासाठी होता. कामगाराला फक्त पैसा कळतो असे म्हणणाऱ्यांनी हा संप ध्यानात ठेवावा. पुढे ९ कोटी ३० लाख लाइन्सचे टेंडर आले. तेही २०१० साली रद्द झाले. खाजगी कंपन्या मात्र याच काळात गावोगाव टॉवर उभारत होत्या.

४जीच्या वेळी तर कळसच झाला. खाजगी बाजारात २०१६ साली ४जीचा धडाका सुरू झाला. बीएसएनएलला ४जीच्या लहरी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला ऑक्टोबर २०१९ मध्ये. मार्च २०२० मध्ये टेंडर काढले आणि जुलैमध्ये रद्द केले. चिनी यंत्रे नकोत, स्वदेशीच हवीत, असे सांगण्यात आले. स्वदेशीला आमचा विरोध नाही, उलट अभिमानच आहे. पण मग ही अट एकट्या सरकारी कंपनीलाच का? खाजगी कंपन्या त्याच वेळी परदेशी यंत्रांवर धंदा करीत होत्या, त्यांना कोणी थांबवले? अखेर २०२३ साली एक लाख साइट्सची ऑर्डर टाटांच्या कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाला मिळाली. त्या स्वदेशी ४जीचे उद्घाटन झाले २७ सप्टेंबर २०२५ रोजी. पुन्हा नऊ वर्षे उशीर!

दरम्यान माणसांचे काय झाले? ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ७८,५६९ कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेले. निम्मी कंपनी एका संध्याकाळी रिकामी झाली. त्याआधीच्या वर्षी पगार वेळेवर मिळाला नव्हता. पगार थकवायचा आणि मग ‘स्वेच्छा’ विचारायची, ही कसली स्वेच्छा? टॉवरवर नवे यंत्र बसले तरी बॅटरी बदलायला, तुटलेली केबल जोडायला माणूस लागतोच. तो आज कंत्राटदाराचा आहे, त्याला ना नोकरीची हमी ना म्हातारपणाची. आणि २०२१ साली सरकारी मालमत्तांपासून पैसा उभारण्याची जी योजना जाहीर झाली, तिच्यात बीएसएनएल आणि एमटीएनएलचे १४,९१७ टॉवर होते.

यात आपला काय संबंध, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर आहे. रेल्वेने आपली सीयूजी फोनसेवा १ जानेवारी २०१९ पासून जिओकडे दिली. सरकारच्याच खात्याने सरकारी कंपनीला गिऱ्हाईक म्हणून नाकारले! गँगमन, कीमन एकटा रात्री रुळांवर फिरतो तेव्हा त्याचा जीव त्या फोनच्या रेंजवर असतो. ग्रामीण डाक सेवक हातात यंत्र घेऊन म्हाताऱ्या माणसांचे पैसे द्यायला जातो. रेंज नसली की शिव्या त्यालाच खाव्या लागतात. जिथे नफा नाही त्या वाडीवर खाजगी टॉवर आपणहून येणार नाही. तिथे सरकारी टॉवरच लागतो. आणि जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा लाखो ग्राहक कोणाकडे धावले? ज्या बीएसएनएलला नावे ठेवली तिच्याकडेच!

आमचीही चूक कबूल केली पाहिजे. २००७ साली यंत्रांसाठी संप झाला, तेव्हा आम्ही रेल्वेवाल्यांनी तो टेलिफोनवाल्यांचा प्रश्न मानला. खात्यातला ढिसाळपणा, खिडकीवरची अरेरावी यावर टेलिफोनमधल्या युनियननेही वेळीच बोलायला हवे होते. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना आपण आपली बादली जपून ठेवली.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बीएसएनएलची ४जी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवा आणि ५जीसाठी तिसऱ्यांदा उशीर करू नका. टॉवर आणि केबल भाड्याने देऊ नका. रिकाम्या जागी कायम भरती करा, कंत्राटी कामगारांना कायम करा. रेल्वे, टपाल आणि सर्व सरकारी खात्यांचे फोन बीएसएनएलकडे द्या.

आणि सभासदांना एक विनंती. पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कोणी ‘रेंज नाही’ म्हणाला, तर त्याला विचारा, यंत्रे कोणी अडवली? लहरी कोणी रोखल्या? माणसे कोणी घालवली? तीन प्रश्न पुरे आहेत.

कामगार एकजुटीचा विजय असो!